जुनी ऐरण, जुना व्हाइस: हौशी लोहारानं वापरलेली अवजारं कशी पारखून घ्यावीत

लोहारकाम सुरू करायचं ठरलं की माणूस सगळ्यात आधी ऐरण शोधायला निघतो. मला कोणी विचारलं तर मी सांगते, ऐरण शेवटी घ्या. आधी हातोडा, मग आग, मग तापलेलं लोखंड घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, आणि तोवर ठोकायला कुठलाही जड पोलादी ठोकळा. हे ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. ऐरणीशिवाय लोहार कसला, असं त्यांना वाटतं. पण काही महिने ठोकळ्यावर घाम गाळलेल्या माणसाला ऐरणीत काय बघायचं ते समजायला लागलेलं असतं. ज्यानं अजून एक आकडाही वाकवलेला नाही तो चकचकीत काळा रंग बघून पैसे मोजतो.

पोटापाण्यासाठी मी हिशेब तपासते आणि सुट्टीच्या दिवशी लोखंड तापवते. विकणारा सांगतो तेच समोर आहे का, हे बघायची सवय दोन्हीकडे कामी येते. जुन्या अवजारांच्या बाबतीत मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: यातला दोष मी माझ्या भट्टीवर दुरुस्त करू शकेन का? लोहार स्वतःची बरीचशी अवजारं स्वतःच घडवतो. त्यामुळे वाकडी सांडशी, मोडका दांडा, हरवलेली पट्टी, तुटलेला स्प्रिंग या गोष्टी मी दोषांत धरतच नाही. पण ऐरणीच्या तोंडाचा, म्हणजे ठोकायच्या वरच्या सपाट भागाचा, गेलेला कडकपणा, व्हाइसच्या स्क्रूचे झिजलेले आटे किंवा भट्टीला हवा देणाऱ्या ब्लोअरचे खाल्लेले गिअर माझ्या हातून सुधारणार नाहीत. म्हणून पैसे मोजायचे ते या तीन गोष्टी शाबूत असण्याचे. बाकी सगळ्या गंजाकडे मी काणाडोळा करते.

शोध कसा घ्यायचा

ऑनलाइन जाहिरातींत "ऐरण" असं टाकून शोधलं की ज्यांना तिची किंमत माहीत आहे असेच विक्रेते सापडतात. ज्यांना माहीत नाही ते तिला लोखंडी ठोकळा, ठोकायचं लोखंड, जुनं वर्कशॉपचं सामान, नाहीतर नुसतं "भंगार" म्हणतात. हे सगळे शब्द टाकून बघा, चुकीच्या स्पेलिंगसकट. फोटोतली मुख्य वस्तू बघून झाली की मागची भिंत आणि कोपरे बघा. पुढे ड्रिल मशीन विकायला ठेवलेलं असतं आणि मागे कोपऱ्यात लेग व्हाइसचा, म्हणजे जमिनीवर टेकणाऱ्या लांब पायाच्या व्हाइसचा, पाय डोकावत असतो. अशा वेळी "तो मागचा व्हाइसपण द्यायचाय का?" एवढं विचारायला काही लागत नाही.

तरीही चांगला माल जाहिरातींपेक्षा बोलण्यातून जास्त मिळतो. काम थांबवलेले लोहार, शेतीची अवजारं दुरुस्त करणारी जुनी दुकानं, घोड्यांना नाल मारणारे, फॅब्रिकेशनवाले, जुन्या कारखान्यांचे फिटर, तंत्रशाळेतले निवृत्त शिक्षक, या मंडळींना नुसतं सांगून ठेवायचं की मला असं असं सामान हवं आहे, घाई नाही. घाई नाही हे मुद्दाम सांगायचं, म्हणजे भाव चढत नाही आणि माणूस तुम्हाला विसरतही नाही. कारखाना किंवा कार्यशाळा बंद होताना होणारे लिलावही चांगले, फक्त तिथे माल "जसा आहे तसा" असतो आणि पारखायला वेळ कमी मिळतो. आदल्या दिवशी माल बघायला देत असतील तरच बोली लावा.

भंगारवाल्याशी ओळख वाढवणं ही मात्र दीर्घकाळाची गुंतवणूक आहे. त्याच्याकडे ऐरण क्वचितच येते. पण जाड प्लेटचे तुकडे, ट्रकचे अ‍ॅक्सल, पाट्याच्या स्प्रिंगा, ब्रेक ड्रम, फोर्कलिफ्टचे काटे हे नेहमी येतं आणि वजनाच्या भावानं मिळतं. रेल्वे रुळाचा तुकडा घेताना पावती मागा. रूळ सहसा रेल्वेची मालमत्ता असतो आणि पावती नसेल तर तो तुमच्या अंगणात कसा आला हे तुम्हाला सांगावं लागेल. पावती द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही.

अनेक देशांत हौशी आणि व्यावसायिक लोहारांच्या संघटना असतात. अमेरिकेतली एबीएएनए १९७३ साली सुरू झाली, ब्रिटनमधली बीएबीए १९७८ साली. अशा मंडळींच्या मेळाव्यात सदस्य आपापसांत सामान विकतात. भाव थोडा चढा असतो, पण विकणाऱ्याला तिथे पुन्हा तोंड दाखवायचं असतं, त्यामुळे तडा लपवून कोणी विकत नाही.

निघण्यापूर्वी

फोनवर जेवढं कळेल तेवढं आधीच काढून घ्या. वरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून काढलेले फोटो मागा. कडांचे फोटो तिरप्या उजेडात काढायला सांगा, समोरून फ्लॅश मारला की खाचाखोचा दिसत नाहीत. आणि एक प्रश्न नक्की विचारा: हे सामान कधी आगीत सापडलं होतं का? आगीत पोलादाचा कडकपणा जातो. लोक खरं सांगतात, कारण हा प्रश्न का विचारलाय हे त्यांना कळत नाही.

माझ्या पिशवीत एक इंच व्यासाची बेअरिंगची गोळी, स्टीलची पट्टी, बारीक कानस, टॉर्च, छोटा लोहचुंबक, तारेचा ब्रश, खडू, फडकं आणि चष्मा एवढं असतं. चुंबक कशाला, असं विचाराल. जुन्या बिडाच्या वस्तूचा तुटलेला कोपरा गाडीच्या पत्र्याला लावतात त्या लांबीनं (पुटीनं) भरून वर रंग मारलेला असू शकतो. तिथे चुंबक ढिला बसतो. नवा कोरा रंग दिलेलं जुनं सामान दिसलं की माझा संशय वाढतो. गंज काहीच लपवत नाही, रंग बरंच लपवतो.

ऐरण

ऐरणीसारखी दिसणारी प्रत्येक वस्तू ऐरण नसते. संपूर्ण बिडाची, वर पोलाद नसलेली ऐरण स्वस्तात भरपूर मिळते आणि ती निरुपयोगी असते. बीड ठिसूळ असतं, हातोडा चुकून कडेवर बसला तर टवका उडतो, आणि घावाची ताकद परत न येता आतच जिरते. संध्याकाळपर्यंत खांदा दुखतो, काम मात्र अर्धंच झालेलं असतं.

कामाच्या जुन्या ऐरणी साधारण तीन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात धड घडीव लोखंडाचं आणि वर सुमारे अर्धा इंच जाडीची पोलादी पट्टी भट्टीत वेल्ड केलेली; इंग्लंडच्या पीटर राइट आणि शेफिल्डच्या माउसहोल या त्यांतल्या नावाजलेल्या. दुसऱ्यात धड बिडाचं, पण ओततानाच वर पोलादी तोंड जोडलेलं; अमेरिकेतली फिशर ही त्याची ओळख. तिसऱ्यात सगळी ऐरणच ओतीव पोलादाची. स्वीडनच्या कोल्सवा तशा असत. नाव वाचता आलं नाही तरी बिघडत नाही. धडावर कमरेपाशी आणि बुडाखाली चौकोनी भोकं दिसली तर ती घडवलेली आहे असं समजा. घडवताना जड सळ्या अडकवून ऐरण फिरवायला ती भोकं ठेवत.

जुन्या इंग्रजी ऐरणीवर कमरेपाशी तीन आकडे असतात आणि लोक ते सलग वाचून फसतात. समजा १ २ १० असं कोरलंय. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा पाव हंड्रेडवेटचा, २८ पौंडांचा. तिसरा सुटे पौंड. म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड, जवळपास ८१ किलो. मधला आकडा ३ च्या वर जात नाही आणि शेवटचा २७ च्या. यापेक्षा मोठे आकडे दिसले तर ते वजन पौंडांत किंवा किलोत आहे, किंवा ते वजनच नाही. "एकशे वीस किलोची आहे" म्हणणाऱ्या विक्रेत्यासमोर हा हिशेब शांतपणे मांडला की भाव लगेच माणसात येतो.

आता गोळीची परीक्षा. पट्टी तोंडावर उभी धरा, गोळी १० इंचांवरून सोडा आणि ती कुठवर उसळते ते बघा. ८ इंच किंवा त्याहून वर आली तर तोंड उत्तम. ६-७ इंच असेल तर हौशी कामाला पुष्कळ. ५ च्या खाली जायला लागली की विचार करा, आणि ३ इंचांवर मरगळून थांबली तर ते पोलादी तोंड नाही किंवा त्याचा कडकपणा गेलेला आहे. एकाच ठिकाणी टाकून समाधान मानू नका. खडूनं तोंडावर चौकटी आखा आणि प्रत्येकीत गोळी टाका. चोचीच्या, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाच्या, मागची खालची पायरी जुन्या ऐरणींत मुद्दाम मऊ ठेवलेली असते, छिन्नीनं तोडायचं काम तिच्यावर होतं. तिथे गोळी उसळली नाही म्हणून नाक मुरडू नका. मागच्या टोकाशी, जिथे खाली आधार नाही, तिथेही उसळी थोडी कमीच येते. पण तोंडाच्या मधोमध एखाद्या चौकटीत गोळी अचानक बसकण मारत असेल तर तिथे कुणीतरी वेल्डिंग केलंय, नाहीतर पोलादी पट्टी खालून सुटलीय.

सुटलेली पट्टी आवाजावरूनही कळते. लहान हातोडीनं तोंडभर हलके टोले द्या. चांगली घडीव ऐरण खणखणते. एखाद्या जागी आवाज तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द आला तर तिथल्या कडेवर टॉर्च मारून पट्टी आणि धड यांच्या सांध्यात बारीक रेघ दिसते का बघा. मात्र आवाजावर एकट्यावर निकाल देऊ नका. बिडाच्या धडाच्या पोलादतोंडी ऐरणी मुळातच मुक्या असतात आणि तरी त्यांवर गोळी झकास उसळते. घट्ट साखळीनं बांधलेली ऐरणही मुकी वाटते, साखळी सोडायला सांगा. टोले हलके म्हणजे खरंच हलके, आणि चष्मा लावून. कडक पोलादावर कडक हातोडा जोरात आपटला तर टवका डोळ्यात जाऊ शकतो, शिवाय ऐरण अजून दुसऱ्याची आहे.

कानस शेवटी. मालकाची परवानगी घेऊन कडेवर हळूच फिरवा. ती सरकून गेली तर पोलाद कडक आहे. लोण्यात घुसावी तशी चावली आणि गोळीही उसळली नव्हती, तर ती ऐरण बहुतेक कुठल्यातरी आगीतून आलेली आहे. एवढा मोठा ठोकळा पुन्हा तापवून, पाणी देऊन कडक करणं घरच्या भट्टीचं काम नाही.

बाकीचे दोष लोक फार मनावर घेतात. कडा थोड्या फुटलेल्या असतात. एका बाजूला चार-सहा इंच चांगली कड शिल्लक असली की पुरे, आणि धारदार कडेपेक्षा किंचित गोल कड कामाला बरी, ती लोखंडात खाच पाडत नाही. तोंडाला मधोमध दोन-तीन मिलिमीटर खळगा असेल तर सळी सरळ करताना उलट मदतच होते. चोचीवर छिन्नीचे वण असतातच. हे सगळं घासून "नव्यासारखं" करून घ्यायचा मोह टाळा. पोलादी पट्टी मुळात अर्धा इंच, वापरून झिजलेली. त्यातून मशीनवर आणखी दोन मिलिमीटर काढलेत तर उरलंसुरलं तोंडही जातं. म्हणूनच मशीन मारून चकचकीत केलेली जुनी ऐरण मी टाळते. तिची किती जाडी गेली हे विक्रेत्यालाही माहीत नसतं.

वजन किती हवं? एक किलोच्या हातोड्यानं काम करणाऱ्याला ५० ते ७० किलोची ऐरण आरामात पुरते. त्याहून जड मिळाली तर उत्तम, पण ती उचलणार कोण हेही ठरवा. भाव नेहमी किलोमागे काढा आणि नव्या ओतीव पोलादाच्या ऐरणीच्या किलोमागच्या भावाशी ताडून बघा. हल्ली जुन्या नावाजलेल्या ऐरणींना संग्राहकांमुळे असा भाव आलाय की नवी घेणं स्वस्त पडतं. जुनं म्हणजे स्वस्त हे या बाजारात खरं राहिलेलं नाही.

तोवर कशावर ठोकायचं

हातोड्याखाली पोलादाचं वस्तुमान हवं, आकार नंतरची गोष्ट. १५ सेंटिमीटर चौरसाचा ३० सेंटिमीटर उंच पोलादी ठोकळा उभा केला तर त्याचं वजन ५३ किलोच्या आसपास भरतं आणि ते सगळं वजन नेमकं घावाच्या खाली असतं. वजन काढणं सोपं आहे: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, पुन्हा ७.८५ नं गुणा, उत्तर ग्रॅममध्ये येतं. रुळाचा तुकडा बहुतेक लोक आडवा ठेवतात आणि मग तो नाचतो, कारण मधला पडदा पातळ असतो. तोच उभा करून लाकडाच्या ओंडक्यात किंवा वाळूच्या पेटीत रोवा आणि वरच्या टोकावर ठोका. मीटरला ६० किलोच्या रुळाचा ४५ सेंटिमीटरचा तुकडा २७ किलोचा असतो आणि उभा असताना त्याच्या वजनापेक्षा पुष्कळ जास्त काम देतो. घणाचं मोठं डोकं ओंडक्यात रोवलं तरी सुऱ्या, आकडे, खिळे एवढं होतं. फोर्कलिफ्टचा काटा चांगल्या पोलादाचा असतो, तोही उभाच वापरा.

व्हाइस

माझ्या मते नवशिक्याच्या पैशाचं सगळ्यात चांगलं चीज जुन्या लेग व्हाइसमध्ये होतं. त्याला एक लांब पाय असतो जो जमिनीवर टेकतो, त्यामुळे वरून हाणलेले घाव थेट जमिनीत जातात. तो घडीव असतो. नेहमीचा बेंच व्हाइस बहुधा बिडाचा. त्यात तापलेली सळी धरून हाणायला लागलात की एक दिवस जबडा तुटून हातात येतो.

लेग व्हाइस बघताना आधी स्क्रू पूर्ण बाहेर काढा. विक्रेता "फिरतोय की" म्हणेल, तरी काढाच. आटे मध्यावर झिजतात, कारण रोजचं काम तिथेच चालतं. टोकाचे आटे कोरे राहतात आणि व्हाइस अर्धवट उघडा ठेवला की तेवढेच दिसतात. आट्यांचे माथे सपाट हवेत. माथे सुरीच्या धारेसारखे टोकदार झाले असतील तर त्यांचं आयुष्य संपत आलंय. मग ज्या नळीत स्क्रू जातो तिच्यात टॉर्च टाका. आतले आटे दिसायला कठीण, पण बोट घालून कळतात. स्क्रू परत बसवा, थोडा आवळा आणि धरून पुढे-मागे हलवा. थोडा खुळखुळा जुन्या व्हाइसमध्ये असायचाच. पण आवळता आवळता स्क्रू सटकून मागे आला तर तो व्हाइस ठेवून घरी या. आत आटे असलेली ही नळी नव्यानं बनवणं लेथवाल्यालाही डोकेदुखी असते.

बाकी सगळं भरून काढता येतं. जबडे उघडणारा स्प्रिंग नसेल तर पाट्याच्या स्प्रिंगेतून घडवा. टेबलाला धरणारी पट्टी आणि तिचा पाचर हरवलेला असतो, ते घडवणं हा पहिल्या वर्षातला छान धडा आहे. दांडा वाकलेला असेल तर तापवून सरळ होतो. जबडे एका ठरावीक उघडझापीलाच समांतर येतात आणि बाकी वेळी तिरके दिसतात. पुढचा जबडा खाली खिळीवर फिरतो म्हणून तसं होतं, तो दोष नाही. बाजूला सरकलेले असतील तर खिळीपाशी झीज आहे, वॉशर घालून भागतं. पाय कापून आखूड केलेला असेल तर मात्र भाव पाडून मागा, तुकडा जोडता येतो पण काम वाढतं. जबड्याची रुंदी चार ते सहा इंच असली की हौशी माणसाला दुसरं काही लागत नाही.

हवा आणि आग

हातानं फिरवायचा गिअरचा ब्लोअर मिळाला तर नशीब. दांडा सावकाश फिरवा. पंखा हलण्याआधी दांडा बराच मोकळा फिरत असेल तर गिअर झिजलेत. वेग देऊन दांडा सोडा, चांगला ब्लोअर थोडा वेळ स्वतःहून फिरत राहतो. गुरगुर चालेल, पण ठरावीक अंतरानं येणारा "टक्" आवाज म्हणजे तुटलेला दात. तेल गळत असेल तर घाबरू नका, या जुन्या पेट्यांना सीलच नसे. उलट ठणठणीत कोरडा ब्लोअर कितीतरी वर्षं बिनतेलाचा फिरलेला असू शकतो. जाम झालेला ब्लोअर जोर लावून फिरवू नका आणि विक्रेत्यालाही फिरवू देऊ नका. पुष्कळदा आत तेलाचं फक्त डिंक झालेलं असतं आणि रॉकेलमध्ये भिजवलं की सुटतं. पण हा जुगार आहे, भाव जुगाराचाच द्यायचा.

चामड्याचा भाता घेताना चामड्याकडे कमी आणि लाकडाकडे जास्त बघा. चामडं नवं लावता येतं, किडलेल्या फळ्यांचं काही करता येत नाही. आणि हे दोन्ही मिळाले नाहीत तर लहान विजेचा ब्लोअर आणि हवा कमी-जास्त करायला एक झडप, एवढ्यावर आग उत्तम पेटते.

कोळशाची भट्टी जुनी घेण्यात फारसा अर्थ नाही. ब्रेक ड्रम, पाइपाचे तुकडे आणि जाड पत्रा यांतून ती एका सुट्टीत उभी राहते. घेतलीतच तर आगीचं भांडं उलटं करून बघा. ओली राख आणि कोळशातला गंधक मिळून लोखंड खालून खातात, वरून काही दिसत नाही.

जुनी गॅसची भट्टी घेताना फक्त पोकळ नळकांडं आणि बर्नर घेतोय असं समजा. आतलं सिरॅमिक फायबरचं अस्तर तापून तापून भुसभुशीत झालेलं असतं, आणि त्याच्या धुळीत सिलिकाचे स्फटिक तयार झालेले असू शकतात. फुफ्फुसांसाठी ते फार वाईट. पाणी फवारून, चांगला मास्क लावून ते काढा आणि नवं घाला. होज आणि रेग्युलेटर तर जुने घेऊच नका, फुकट मिळाले तरी. जुन्या वर्कशॉपमधल्या पांढऱ्या-करड्या तंतुमय चादरी, हातमोजे, दोऱ्या यांत अ‍ॅस्बेस्टस असू शकतं. "हेपण घेऊन जा" म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा.

हातोडे आणि सांडशा

इथे फार विचार करायची गरज नाही. ८०० ग्रॅम ते १ किलोचं, एका बाजूला आडवी धार असलेलं डोकं घ्या. दांडा नवा बसवायचाच आहे. तोंडाच्या कडेचे टवके उडालेले असतील तर ते डोकं सोडा, पुढचा टवका कुठे उडेल सांगता येत नाही. डोकं फुलासारखं पसरलेल्या छिन्न्या आणि पंच मात्र बिनधास्त घ्या, घासून सारखे होतात.

सांडशा पेटीच्या पेटी मिळाल्या तर सगळ्या घ्या. जबड्याचा आकार काहीही असो, तापवून तो हव्या त्या सळीवर बसवता येतो. फक्त खिळीच्या आसपास तडा नाही एवढं बघा. फुटाएवढ्या लांब सळीवर काम करायचं असेल तर सुरुवातीला सांडशी लागतही नाही.

पाट्याच्या स्प्रिंगा छिन्न्या-पंच घडवायला मस्त, पण वर्षानुवर्षं वाकून त्यांत बारीक तडे असू शकतात, तेव्हा महत्त्वाच्या कामाला घेण्याआधी घासून तपासा. जस्ताचा मुलामा दिलेलं, क्रोम चढवलेलं काहीही आगीत जाऊ देऊ नका. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळतं आणि लोखंड घडवण्याचं तापमान त्याच्या वर असतं. तो धूर घेतला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जुन्या अवजारांवरच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला, रंग जाळून काढू नका.

पॉवर हॅमर हा विषय पहिल्या काही वर्षांत काढूच नका. कुणी फुकट दिला तरी त्याला काँक्रीटचा पाया, थ्री फेज वीज आणि समजूतदार शेजारी लागतात.

सौदा आणि घरी आणणं

वस्तूला नावं ठेवून भाव पाडणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. बऱ्याचदा समोरची व्यक्ती वडिलांचं किंवा आजोबांचं सामान विकत असते. मी जे मोजलं ते दाखवते: गोळी इथे साडेसहा इंच उसळली, इथे चार, कड इथून फुटलीय, म्हणून मी इतके देईन. कागदावर मांडलेल्या आकड्यांवर कोणी रागावत नाही. आणि कुणी अज्ञानातून फारच कमी सांगत असेल तर मी खरी किंमत सांगून टाकते. त्यात माझा फायदाही आहे. माळ्यावरचं उरलेलं सामान मग कुणा व्यापाऱ्याकडे न जाता माझ्याकडे येतं. सुट्या वस्तूंचा भाव जुळत नसेल तर सगळा ढीग एकत्र मागून बघा. विकणाऱ्याला बहुतेक वेळा जागा मोकळी करायची असते.

ऐरण आणताना ती गाडीत आडवी, जमिनीलगत आणि पुढच्या आसनांच्या पाठीला टेकवून बांधा. ब्रेक लागला की मोकळी ऐरण पुढे येते, आणि तिला थांबवणारं गाडीत काही नसतं. उचलायला दोघं हवेत, चोचीला धरून एकट्यानं उचलायचं धाडस नको. जाड फळी आणि पाइपाचे तुकडे बरोबर असतील तर ती सरकवत नेता येते.

घरी आल्यावर तोंडाला ग्राइंडर लावू नका. तारेचा ब्रश आणि तेलाचं फडकं पुरे, बाकीची चमक हातोडा आणि तापलं लोखंड आपोआप आणतात. व्हाइसचे सुटे भाग फार गंजले असतील तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज सुटतो: ऋण टोक वस्तूला, धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टेनलेस स्टीलचा तुकडा त्यासाठी कधीही वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावर करा, कारण त्यातून हायड्रोजन सुटतो.

ओंडक्याची उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून हात खाली सोडला की मुठीची पेरं ऐरणीच्या तोंडाला टेकतील. ऐरण आणि ओंडका यांच्यामध्ये सिलिकॉनचा थर द्या, वरून साखळीनं आवळा आणि मागच्या टोकाखाली एक मोठा चुंबक चिकटवा. खणखणाट निम्म्याहून कमी होतो.